रविवारचं तेलपाणी

काटेवाल्यांच्या घरात खोटं बोलायला पूर्ण परवानगी होती. खोटं तोलायला नव्हती. बोलण्यातलं खोटं तर रोजचंच. आई शिवणकाम करायची आणि कापडाला अजून कात्रीही लागलेली नसताना गिऱ्हाइकाला बेधडक सांगायची, "झालंच आहे हो, फक्त बटणं राहिलीत." बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे. दुकानात नको असलेला माणूस शिरला की रिकाम्या पारड्यावर डोळे लावून ते म्हणायचे, "बोलू नका, माप चाललंय." पण काट्याचा आकडा म्हणजे आकडा. बाजारातला एक धान्यवाला एकदा हसत हसत म्हणाला होता, "काटेवाले, किलोमागे दहा ग्रॅम इकडेतिकडे होतील असं बघा ना काहीतरी." बाबांनी त्याचा काटा न उघडताच परत दिला, आणि त्याला पायरीपर्यंत पोचवायला गेले. मान म्हणून नव्हे, तो नक्की गेला याची खात्री करायला.

अशा घरातली ही मुलगी. लहानपणी मिलिग्रॅमची वजनं चिमट्याने उचलून मांडत बसायची, म्हणून तिला चिमटी म्हणू लागले, आणि ते तिला चिकटलं. आता ती बावीस वर्षांची होती आणि वजन होतं एक्याऐंशी किलो. बाबांनी "चिमटे" अशी हाक मारली की नवं गिऱ्हाईक तिच्या मागून आणखी कोणी येतंय का ते बघायचं. मग तीही शांतपणे मागे वळून बघायची आणि म्हणायची, "मीच. बोला."

एक्याऐंशीतले निदान सोळा किलो गोळीचे, असा तिचा हिशोब होता. तिला बायपोलर होता, तीन वर्षांपासून. घरात त्या शब्दाची कोणाला लाज नव्हती, पण 'वर' आणि 'खाली' हे शब्द जास्त सोयीचे पडायचे. पारड्यांमुळे तोंडात बसलेलेही होते. दोन वर्षांपूर्वी तेव्हाच्या गोळीने अंग सुटतंय म्हणून चिमटीने कोणाला न सांगता ती बंद केली होती. मग ती वर गेली. अकरा दिवस जेमतेम झोप, आणि बाराव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की जगात जो किलो चालतो तोच मुळात चुकला आहे. बाबा बाजारातून येईपर्यंत तिने दुरुस्तीला आलेले अडतीस काटे खोलून त्यांचे पुरजे जमिनीवर मांडले होते. नवा किलो ठरला की जोडायला घेणार होती. त्यानंतर ती खाली आली आणि पाच महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बाबांनी ते अडतीस काटे एकट्याने जोडले. गिऱ्हाइकांना सांगितलं, "गंज धरला होता." बोलण्यातलं खोटं. परवानगीतलं.

त्यानंतर दोन गोळ्या करून बघितल्या. एकीने ती दिवसभर पेंगायची, दुसरीने हात इतके थरथरायचे की चिमटा धरता येईना. तिसरी लागू पडली. चौदा महिने झाले, वर नाही की खाली नाही. या तिसऱ्या गोळीवर चिमटीचा जीव होता. तिच्यामुळे अंगावर चढलेल्या किलोंसकट.

आणि तीच गोळी आता जाते की राहते, अशी वेळ आली होती.

बारा आठवड्यांपूर्वी तिच्या डॉक्टरबाईंनी तिला एक फोटो दाखवला. नारिंगी गोल चकती, तिच्यावर लाल फांद्या पसरलेल्या.

"हा तुझ्या डोळ्याचा आतला पडदा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अंगातल्या बारीक रक्तवाहिन्या कापाकाप न करता नुसत्या बघता येतात अशी ही एकच जागा. मेंदूतल्या वाहिन्या यांच्याच सख्ख्या बहिणी."

"मग? बहिणी कशा आहेत?"

"ठीक आहेत, पण मला पाहिजेत तितक्या नाही. तुझा रक्तदाब चढतोय, रक्तातली चरबी वाढलीय, कंबर वाढलीय. बाविसाव्या वर्षी हे इतक्यात दिसायला नको. तुझ्या आजाराची जी तरुण मुलं असतात ना, त्यांच्यात हृदयाचं दुखणं लवकर डोकं वर काढतं. आणि ज्यांच्या रक्तवाहिन्या बिघडतात, त्यांचा विचार करण्याचा वेग, लक्ष, आखणी, यांवरही ताण दिसतो, असं संशोधन करणारे म्हणतायत. कोण कोणाला ओढतं ते अजून पक्कं नाही. ते पक्कं होईपर्यंत मी काही हातावर हात ठेवून बसणार नाही."

हे चिमटीला नको इतकं कळलं होतं. काटा जुना झाला की तो खोटाच दाखवतो असं नाही. तो जड होतो. एक ग्रॅम टाकला तरी हलत नाही, दोन टाकले की उशिराने हलतो. बाबा अशा काट्याला 'सुस्तावलेला' म्हणायचे. आजाराच्या आधी ती सोनाराचा नाजूक काटा चाळीस मिनिटांत जुळवायची. आता दोन तास लागायचे, आणि मधेच कुठला स्क्रू किती फिरवला ते विसरायची. तिने ते गोळीच्या खात्यावर टाकलं होतं. त्या खात्यावर बरंच काही टाकता यायचं.

"आम्ही सगळ्यांनी तुझ्या मनाकडे बघताना तुझ्या हृदयाकडे पाठ केली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यात मीही आले. आता असं करू. रोज चाळीस मिनिटं, दम लागेल असं चालायचं. खाणं या कागदावर आहे तसं. दर रविवारी वजन लिहून ठेवायचं. बारा आठवड्यांनी बघू. आटोक्यात असेल तर गोळी राहील. चढतच राहिलं तर बदलावी लागेल."

"बदलायची नाही," चिमटी म्हणाली.

"मला तरी कुठे हौस आहे? पण वजन थांबलं पाहिजे."

गावामागच्या टेकाडावर पाण्याची टाकी होती आणि तिथवर दोनशे बारा पायऱ्या. चिमटी दुसऱ्याच दिवशी सकाळी तिथे गेली. पहिल्या दिवशी नव्वद पायऱ्यांवर बसली. तिसऱ्या आठवड्यात दोनदा थांबून वर पोचली आणि टाकीच्या भिंतीला हात लावून आली, जणू ती भिंत उद्या तिथे नसणार होती.

वजन घरीच व्हायचं. मागच्या खोलीत एका बंद पडलेल्या गोदामातून आणलेला जुना प्लॅटफॉर्म काटा होता. फळीवर उभं राहायचं, समोरच्या आडव्या पितळी दांडीवर एक वजन सरकवत न्यायचं, दांडी समतोल तरंगली की वजनापाशी असलेला आकडा वाचायचा. बाबांनी तो काटा स्वतः घासून, जुळवून त्याला शिशाचं सील ठोकलं होतं. दर रविवारी सकाळी ते त्याचं तेलपाणी करायचे आणि मग चिमटी त्यावर चढायची. चढण्याआधी ती सरकतं वजन शून्यावर नेऊन दांडी बघायची. ही घराची सवय. या घरात कोणी शून्य बघितल्याशिवाय कांदेसुद्धा तोलत नसे.

तिसऱ्या रविवारी आकडा आला ब्याऐंशी पूर्णांक एक. पायऱ्या चढून एक किलो शंभर ग्रॅम वाढले. तिने शून्य बघितलं, पुन्हा चढली. ब्याऐंशी पूर्णांक एक. वहीत लिहिलं आणि वही मिटली.

चौथ्या रविवारी आकडा उतरला, एक्याऐंशी पूर्णांक चार. मग एक्याऐंशी दोन. मग बरोबर एक्याऐंशी. मग तिथेच आसपास, वरखाली शे-दोनशे ग्रॅम. चिमटीला बरं वाटू लागलं, आणि बरं वाटलं की माणूस जे करतं ते तिने केलं: चाळीस मिनिटांची तीस केली, तिसांची वीस. कागदावरचं खाणं हळूहळू कागदावरच राहू लागलं. वजन तर थांबलं होतं. मग जीव कशाला काढायचा?

बाराव्या आठवड्यात, घरच्या काट्यावर एक्याऐंशी पूर्णांक दोन लिहून, चिमटी ताठ मानेने इस्पितळात गेली. वजन घेणाऱ्या नर्सबाईंनी तिला काट्यावर उभं केलं आणि लिहिलं, चौऱ्याऐंशी पूर्णांक सहा.

"हे चुकलंय," चिमटी म्हणाली.

"बूट काढलेस ना? मग नाही चुकलं."

"माझ्या वहीत एक्याऐंशी दोन आहे. आज सकाळचं."

नर्सबाईंनी वही चाळली. "लिहिताना सगळेच दोन किलो विसरतात गं. तू साडेतीन विसरलीस."

"तुमचा काटा शेवटचा कधी तपासला?"

"काटे नाही चुकत, माणसं चुकतात."

काटेवाल्याच्या मुलीला हे म्हणजे कोळ्याला कोणी समुद्र गोड असतो म्हणून सांगावं तसं होतं. ती काही बोलणार, तेवढ्यात डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. त्यांनी वहीतले आकडे कागदावर ठिपके करून जोडले. पहिले तीन ठिपके चढत गेले, पुढचे नऊ एका ओळीत बसले.

"इतकी सरळ रेघ माणसाची नसते," त्या हलकेच म्हणाल्या. "लिहिताना भीती वाटत होती का? तसं असेल तर सांग. मी रागावणार नाही."

राग आला असता तर परवडलं असतं. ही माया चिमटीला जास्त झोंबली.

"किती वाजेपर्यंत आहात?"

"एक. का?"

"तुमचा काटा तपासते," चिमटी म्हणाली आणि निघाली.

घराला लागूनचं दुकान दहा मिनिटांवर होतं. बाबा बाजारात कामाला गेलेले, आई पुढच्या खोलीत मशीनवर. चिमटीने कपाटातून वीस किलोचं प्रमाण वजन काढलं, ज्याच्यावरून बाकीची सगळी वजनं पारखली जातात ते, पिशवीत घातलं आणि उचललं. इस्पितळाचे दोन जिने चढताना ती तीनदा थांबली. आजाराआधी हेच वजन ती बाजारभर फिरवायची आणि वर गप्पाही मारायची. हेही तिने मनात लिहून ठेवलं.

रांगेतल्या लोकांना वाटलं हिने बरोबर काही खायचं आणलंय. पिशवीतून लोखंडाचा गोळा निघाल्यावर एक आजोबा उठून लांबच्या बाकावर जाऊन बसले.

"काय आहे हे?" नर्सबाई.

"वीस किलो. ना एक ग्रॅम कमी, ना जास्त. मी आधी नुसती उभी राहते, मग हे घेऊन. दोन आकड्यांत वीसाचा फरक पडला तर तुमचा काटा खरा."

चौऱ्याऐंशी पूर्णांक सहा. वजन घेऊन, एकशे चार पूर्णांक सहा.

चिमटीने तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच. नर्सबाईंनी 'मी काय म्हणत होते' हे वाक्य ओठांपर्यंत आणलं, पण चिमटीचा चेहरा बघून परत आत ठेवलं आणि तिला खुर्चीत बसवून दहा मिनिटांनी रक्तदाब घेतला. वरचा एकशे अडतीस, खालचा अठ्ठ्याऐंशी.

"तुमचा काटा चोख आहे," चिमटीने डॉक्टरबाईंना सांगितलं. "मीही खोटं लिहिलेलं नाही. म्हणजे घरचा चुकला. कसा, ते घरी जाऊन बघते."

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे आणि मग पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे बघितलं. "खरं सांगायचं तर आज मी गोळी बदलायची चिठ्ठी लिहून ठेवली होती. सहा आठवडे देते. रक्तदाब आणि चरबी खाली, वजन निदान चढायचं थांबलेलं. नाहीतर बदलायची. चालेल?"

"चालेन," चिमटी म्हणाली.

घरी येऊन तिने मागच्या खोलीचं दार लावलं आणि काट्यासमोर उभी राहिली. शून्य बरोबर. फळीवर चढली, एक्याऐंशी दोन. वीस किलो घेऊन चढली. शंभर पूर्णांक चार.

वीस किलोचे या काट्यावर एकोणीस किलो दोनशे ग्रॅम होत होते.

ती खाली बसली आणि सरकत्या वजनाच्या बुडाचं सील बघितलं. जुनं शिसं काळवंडतं. हे चकचकीत होतं, आठवड्याभराचं. तिने पक्कडीने ते तोडलं, बुडाचा स्क्रू काढला आणि वजन तळहातावर उलटं केलं. आतून शिशाचे बारीक मणी घरंगळले. तिने मोजले. नऊ.

सरकतं वजन जितकं जड, तितकं ते शून्याच्या जवळच दांडी तोलून धरतं, आणि आकडा तितका कमी येतो. मग शून्य पुन्हा जुळवून घेतलं की बघणाऱ्याला काही कळत नाही. हे करायला हात लागतो. असा हात गावात एकाचाच होता. तीस वर्षांच्या धंद्यात त्या हाताने केलेले खोटे काटे: शून्य. आता एक.

चिमटीने नऊ मणी मिलिग्रॅम वजनांच्या मखमली पेटीत एका ओळीत मांडले आणि पेटी घेऊन पुढच्या खोलीत गेली. आईच्या तोंडात टाचण्या होत्या.

"आई, माझ्या पॅंटा घट्ट का नाही झाल्या गं?"

आईने मशीन थांबवलं. टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत टोचल्या. जितका वेळ काढता येईल तितका काढला.

"किती सोडल्यास?"

"आधी एक इंच," आई म्हणाली. "मग अर्धा. आता शिवणीतली माया संपली. पुढच्या वेळी सांगावंच लागणार होतं."

"दोघांनी मिळून ठरवलंत?"

"ठरवलं कसलं. ते एक दिवस मणी घेऊन बसलेले दिसले. मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तुझी पॅंट उसवत होते, त्यांनी विचारलं नाही."

बाबा पाचच्या सुमाराला आले. दारातच त्यांना पेटी दिसली. त्यांनी हत्यारांची थैली खाली ठेवली, हात पुसले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मणी तितकेच होते.

"बसा," चिमटी म्हणाली.

ते बसले. या दुकानात त्यांना 'बसा' असं आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

"किती वाजले?" त्यांनी उगीचच विचारलं.

"बाबा. का केलंत?"

"तिसरा रविवार आठवतो?" बाबा मण्यांशीच बोलल्यासारखे म्हणाले. "ब्याऐंशी एक आलं तो. संध्याकाळी जेवण झाल्यावर मी हात धुवायला गेलो. बेसिनच्या कडेला तुझी गोळी पडलेली. पाण्याचा पेला भरलेला, गोळी तशीच. तू खिडकीत उभी. मागच्या वेळी पण असंच सुरू झालं होतं. मला एकदम ते अडतीस काटे दिसले जमिनीवर."

"मग मला विचारायचं."

"विचारलं असतं तर तू उत्तर दिलं असतंस. मला उत्तराचीच भीती वाटली." ते थांबले. "म्हटलं आकडा जरा कमी दिसला तर गोळी तरी घेत राहील. एकच मणी टाकणार होतो, शप्पथ. पण पुढच्या रविवारी वाटलं, तुझं पुन्हा वाढलं असणार. मग आणखी एक टाकावा लागला. खोट्याचं असं असतं हे मी आजवर दुसऱ्यांना सांगत आलो."

आई दारात येऊन उभी राहिली होती. चिमटीने आवाज चढवला नाही. आवाज चढला की घरातले दोघेही मनात तारखा मोजू लागतात हे तिला ठाऊक होतं.

"त्या संध्याकाळी मी दहा मिनिटं खिडकीत उभी होते," ती म्हणाली. "घ्यायची की नाही याचाच विचार करत होते. मग घेतली. ब्याऐंशी एक हा खरा आकडा डोळ्यांसमोर असताना घेतली. तुम्ही हात धुवून निघून गेलात, पुढचं बघितलंच नाही. शेवटचा आकडा न वाचता निघणारा माणूस तुम्हाला दुकानात चालला असता?"

बाबांनी मान हलवली. नाही.

"आणि त्यानंतर काय झालं? मला वाटलं वजन थांबलं. मी पायऱ्या निम्म्यावर आणल्या. साडेतीन किलो आणि रक्तदाब एकशे अडतीस. आज डॉक्टरबाईंच्या टेबलावर गोळी बदलायची चिठ्ठी लिहून तयार होती. मला वाटलं आकडे बघून त्या शाबासकी देतील."

बाबांचा चेहरा असा झाला की आईने पुढे होऊन त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

"बदलली?"

"सहा आठवडे दिलेत."

मग चिमटी उठली आणि दोघांना मागच्या खोलीत काट्यापाशी घेऊन गेली. तिने सरकतं वजन बाबांसमोर रिकामं करून दाखवलं, स्क्रू बसवला, शून्य जुळवलं, वीस किलो घेऊन काटा दोनदा पारखला. शिशाची नवी टिकली तारेत ओवली आणि सीलची पक्कड दाबली. मग ती पक्कड स्वतःच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली.

"ती माझी आहे," बाबा म्हणाले.

"होती. या काट्याचं तेलपाणी आता मी करणार."

"आणि बाकीच्या काट्यांना सील कशाने मारू?"

"मागायची. मी देईन. कशाला पाहिजे ते सांगायचं."

आईला हसू आलं, ते तिने खोकून बाहेर सोडलं. चिमटी तिच्याकडे वळली. "तू पण. उद्या सगळ्या पॅंटा होत्या तशा शिवून दे."

"बसणार नाहीत गं."

"बसायला नकोच आहेत. रोज घालून बघायच्या आहेत."

मग ती पुन्हा बाबांकडे वळली आणि काट्याच्या फळीकडे बोट केलं. बाबांनी तीस वर्षांत गावातली प्रत्येक वस्तू तोलली होती, स्वतःला सोडून. ते बूट काढून चढले. चिमटीने वजन सरकवलं. एक्याण्णव पूर्णांक चार.

"काटा चुकतोय," बाबा म्हणाले.

"आत्ताच पारखलाय. तुमच्यासमोर. तुमचे वडील कितव्या वर्षी गेले?"

"त्रेपन्न."

"आणि तुम्ही?"

बाबा फळीवरून उतरून बूट घालू लागले. ते एकावन्न वर्षांचे होते, आणि या घरात आकडे सगळ्यांनाच पाठ असायचे.

"हृदयानेच गेले ना? म्हणजे आजाराकडून आणि घराण्याकडून, दोन्हीकडून माझ्याच वाट्याला," चिमटी म्हणाली. "उद्या सकाळी सहाला टाकी. माझ्या मागे मागे नाही, बरोबर. दर रविवारी दोघांचं वजन, एकाच वहीत."

सहा आठवडे काही गोड गेले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात चिमटीचं मन दोन दिवस खाली घसरलं, अंथरुणातून उठवेना. बाबा पायऱ्यांचे बूट घालून तिच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी एकटा गेलो तर कितव्या पायरीवरून परत येईन ते तुला ठाऊक आहे." ती उठली. त्या दिवशी दोघांनी मिळून फक्त साठ पायऱ्या केल्या आणि वहीत साठच लिहिल्या. चौथ्या रविवारी चिमटीचं वजन दोनशे ग्रॅमने वाढलं. बाबा शेजारीच उभे होते. तिने आकडा मोठ्याने वाचला, लिहिला, संध्याकाळी गोळी घेतली. बेसिनपाशी ते होते. शेवटपर्यंत थांबले.

सहाव्या आठवड्यात इस्पितळाच्या काट्यावर त्र्याऐंशी पूर्णांक सात आलं. घरच्या वहीतही तेच होतं. नर्सबाईंनी दोन्ही आकडे दोनदा बघितले आणि म्हणाल्या, "आमच्या मापांच्या खोलीत एक काटा रखडतो हल्ली. येऊन बघशील?" रक्तदाब वरचा एकशे सव्वीस, खालचा ब्याऐंशी. चरबी खाली आलेली, फार नाही.

डॉक्टरबाईंनी या वेळचे ठिपके जोडले. रेघ वेडीवाकडी होती. उतरलेली, मधेच चढलेली, पुन्हा उतरलेली.

"ही माणसाची," त्या म्हणाल्या. "गोळी राहील. पण वर्ष-सहा महिन्यांचा नेम नाही हा. जन्माचं काम आहे. तीन महिन्यांनी पुन्हा बघू, आणि डोळ्यांचा फोटोही पुन्हा काढू."

"लिहून द्या," चिमटी म्हणाली.

"काय?"

"तारीख."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती आणि बाबा टाकीच्या वाटेला लागले. आदल्या दिवशी सोनाराचा काटा तिने एक तास वीस मिनिटांत जुळवला होता. चाळीस मिनिटांची गोष्ट अजून लांब होती, पण ती आता कुठल्या खात्यावर टाकायची याचा तिला घोळ उरला नव्हता. बाबांना शंभराव्या पायरीनंतर दम लागायचा आणि दम लागला की बोलायची हुक्की यायची.

"किती झाल्या?"

"एकशे छत्तीस."

"मला एकशे चाळीस वाटल्या."

"एकशे छत्तीस."

"चारच तर. चारांनी काय फरक पडतो?"

चिमटी थांबली आणि वळून त्यांच्याकडे बघत राहिली. बाबांनी कठड्याला धरलं, दोन श्वास घेतले, आणि ज्या पायरीवर उभे होते तिच्याकडे खाली बघितलं, जणू तिच्यावर आकडा लिहिलेला असावा.

"एकशे सदतीस," ते म्हणाले आणि पाय उचलला.